चाचांचा घाटातला थांबा

चाचांविरुद्धच्या तक्रारी मी एका वहीत लिहून ठेवत असे. पानाचे दोन भाग केलेले होते. डावीकडे तक्रार, उजवीकडे त्यावर मी काय केलं ते. बाकीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांची पानं दोन्ही बाजूंनी भरत गेली. चाचांच्या पानाची उजवी बाजू बरेच दिवस कोरी राहिली, कारण काय करावं तेच मला कळत नव्हतं.

पहिली तक्रार कणकवलीच्या एका मास्तरांची होती. ड्रायव्हर फोंडाघाट उतरताना गाडी मध्येच थांबवतो आणि चाकासमोर बसून नमाज पढतो. दुसरी तक्रार एका वकिलांची. त्यांच्या मते ड्रायव्हर चाकाची पूजा करत होता. तिसऱ्या गृहस्थांनी धर्म मध्ये आणला नव्हता. त्यांनी लिहिलं होतं, 'सदर इसम थंडी नसताना चाकाजवळ हात शेकत बसतो व उतारूंचा खोळंबा करतो.'

माझ्या वडिलांची दोन गाड्यांची मोटार सर्व्हिस होती. एक गाडी मालवण ते कुडाळ, दुसरी मालवणहून कणकवली, फोंडाघाट करत कोल्हापूर. कोल्हापूरची गाडी एका दिवशी जायची, दुसऱ्या दिवशी परत यायची. मी मॅट्रिक झाले होते, बावीस वर्षांची होते, आणि अक्षर बरं होतं. ऑफिस माझ्याकडे आलं. ऑफिस म्हणजे स्टँडसमोरचा अर्धा व्हरांडा, एक टेबल आणि भिंतीवरचा फळा. फळ्यावर गाड्यांच्या वेळा मी रोज खडूने लिहीत असे. वेळा पाळल्या जाव्यात एवढीच माझी इच्छा होती, आणि त्या इच्छेच्या आड एकच माणूस येत होता.

चाचा विजयदुर्गाकडचे. तरुणपणी मुंबईला जाऊन ते आगबोटीवर आगवाले झाले, म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा घालणारे. वीस वर्षं त्यांनी तेच केलं. मग जमिनीवर आले, मोटार शिकले आणि बाबांकडे लागले. त्यांना सगळे चाचाच म्हणत. बाबा त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे होते, पण तेही चाचाच म्हणत. ठेंगणा, रुंद माणूस. भुवया विरळ, भट्टीने खाल्ल्या असं ते सांगत. जमीन केव्हा हलेल याचा नेम नाही अशा बेताने पाय फाकून चालत. खांद्यावर कायम एक फडकं, आणि त्या फडक्याने ते गाडीचं कुठलं ना कुठलं लोखंड पुसत असायचे.

लोखंडाबद्दल ते माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. नवा ड्रायव्हर शांताराम आमच्याकडे लागला तेव्हा चाचांनी त्याला दिलेला पहिला धडा मी टेबलावरून ऐकला होता.

"ब्रेकाक सारख्या हाक मारू नको," चाचा म्हणाले.

"म्हंजे?"

"हाक मारून मारून तो बहिरो होता. मगे तू पाय आपटत रव, तो आयकूचो नाय. घाट ज्या गिअरात चढलंस त्याच गिअरात उतर. गाडी गिअरावर धरूची. ब्रेकाक फक्त वळणार हाक मारूची, आणि ती पण एकदाच, बरी खणखणीत."

शांताराम हसला. "चाचानू, तुमी ब्रेकाचा लगीन लावशात एक दिवस."

"तू आदी घाट उतर. मगे तुझा लगीन आमी लावतो."

मालवणच्या मासे विकणाऱ्या बायका कुडाळच्या बाजाराला आमच्याच गाडीने जात. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, टोपल्या टपावर, आणि टपावरून खारं पाणी ठिबकायचं ते नेमकं मागच्या चाकावर, आतल्या लोखंडी ड्रमावर. चाचा काही दिवस कुडाळच्या गाडीवर होते, तेव्हा त्यांनी टोपल्या चाकावर येतील अशा ठेवू द्यायच्या नाहीत असा नियम केला. टोपल्या मधोमध ठेवायच्या आणि खाली गोणपाट. यावरून रोज भांडण.

"चाचा, तुझी गाडी काय सोवळ्यातली?" त्यातली एक बाई कमरेवर हात ठेवून विचारायची.

"सोवळ्यातली नाय गो, लोखंडाची आसा. खाऱ्या पाण्यान ड्रमाक गंज धरता. गंज धरलेल्या ड्रमान तुका कुडाळाक न्हेलंय तर सुंगटा विकूक तू खंय आसशी?"

"सुंगटा रवांदे. माझो घोव तुका धरतलो!"

नवऱ्याचं नाव निघालं की सगळी गाडी हसायची. टोपल्या मात्र चाचा सांगतील तिथेच ठेवल्या जायच्या. संध्याकाळी गाडी आली की ते चाकं पूर्ण निवेपर्यंत थांबत आणि मग विहिरीच्या गोड्या पाण्याने धूत. धुतल्यावर गाडी लगेच उभी करत नसत. ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवून स्टँडभोवती दोन चकरा मारत, म्हणजे आतलं पाणी वाळावं. लोकांना वाटे चाचांना गाडी फिरवायची हौस आहे.

हँडब्रेकशी तर त्यांचं वैरच होतं. उतरणीवर गाडी उभी करायची झाली, आणि चाकं तापलेली असली, तर ते हँडब्रेक ओढत नसत. कंडक्टर दोन काळे दगड घेऊन खाली उडी मारायचा आणि चाकांखाली लावायचा. तापलेल्या ड्रमाला आवळून धरलं तर थंड होताना तो त्याच आकाराचा होतो, वाकडा, असं त्यांचं म्हणणं. खरंही होतं ते. पण प्रवाशांना ते दगड बघून धडकी भरायची. एकदा कणकवलीच्या उतारावर एक आजी गाडीतून खाली उतरल्या आणि पुन्हा चढेनात.

"ज्या गाडयेक दगड लावूक लागता, तेतूर मी बसूचंय नाय."

"आजये," चाचा म्हणाले, "दगड लावलो म्हणान तू निवांत झोप. ब्रेक लावलेली गाडी सुटता. दगड लावलेली गाडी कधी सुटलेली बगलंस?"

आजींनी जरा विचार केला. मग त्या चढल्या आणि कोल्हापूरपर्यंत खरोखर झोपल्या.

हे सगळं मी आज कौतुकाने लिहिते आहे. तेव्हा कौतुक नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आमच्या सर्व्हिसखेरीज दुसरी एक सर्व्हिस त्याच रस्त्यावर होती. तिची गाडी कोल्हापूरहून आमच्यानंतर सुटायची आणि मालवणात आमच्याआधी यायची. लोक तिकडे जाऊ लागले होते. शेवटी बाबा म्हणाले, "तू स्वतः जाऊन बघ घाटात काय चालतं ते." बाबा एरवी मालवणी बोलत. रागावले किंवा काळजीत असले की शुद्ध मराठीत शिरत.

मी वडिलांचं घड्याळ घेऊन कोल्हापूरला गेले आणि दुसऱ्या दिवशी चाचांच्या मागच्या बाकावर बसून परत आले. दाजीपूरच्या जंगलानंतर घाट सुरू झाला. वळणं उतरत गाडी अर्ध्यावर आली आणि जळक्या कापडासारखा वास आला. एका झऱ्याजवळ रस्ता रुंद होतो, तिथे चाचांनी गाडी घेतली. दगड लागले. सगळे उतरले. मागच्या डाव्या चाकातून धूर येत होता.

चाकाच्या आत लोखंडाचा एक मोठा डबा असतो. त्याला ड्रम म्हणतात. ब्रेक दाबला की आतल्या पट्ट्या त्या डब्याला घासतात आणि चाक थांबतं. घासण्याची सगळी आग त्या डब्यात साठते. हे मी तेव्हा चाचांकडूनच शिकले. ते चाकासमोर उकिडवे बसले, तळवा ड्रमापासून वीतभर अंतरावर धरला आणि ओठ हलवू लागले. मास्तरांचा नमाज तो हाच.

"काय म्हणतास चाचानू?" मी विचारलं.

"आकडे मोजतंय. हात भाजाक लागोपर्यंत किती आकडे जातत ते. आता सात. वीस जाले की निघूचा."

तेवढ्यात एक सज्जन म्हातारे गृहस्थ पाण्याने भरलेला तांब्या घेऊन पुढे आले. धूर बघून त्यांना चाकाची दया आली होती. ते तांब्या कलंडवणार, तोच चाचांनी त्यांचं मनगट धरलं.

"अरे, तहानलेला आसा रे ता," म्हातारे म्हणाले.

"तहानलेला आसा, माका म्हायत आसा. तुमच्या घराक कोण उनातसून इलो तर तुमी दारातच तेच्या डोक्यार घागर ओततास? आदी तेका बसवतास. वाऱ्यार बसांदेत. मगे गूळ, मगे पाणी. लोखांड पण असाच. तापलेला लोखांड पाणी पिता आणि फुटता."

लोक हसले. मी घड्याळात बघितलं. बावीस मिनिटं.

त्यानंतर दोन महिने मी कंडक्टरकडून प्रत्येक थांब्याची वेळ लिहून घेतली. नमाजाच्या वेळांशी तिचा काही संबंध नव्हता. मग मी शेजारी प्रवाशांची संख्या लिहिली, टपावरचा माल लिहिला. आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की गाडी अर्धी रिकामी असेल तर थांबा अकरा मिनिटांचा, भरलेली असेल तर वीस, आणि टपावर गुळाच्या ढेपा असतील तर सव्वीस. पाऊस पडून गेलेल्या दिवशी दोन-तीन मिनिटं कमी. चाचांचा तळहात काट्यासारखा चालत होता.

एवढं समजल्यावर शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी एक पाऊल पुढे गेले. चाचा लहरी नाहीत, चाक खरंच तापतं, हे सिद्ध झालं. मग चाक लवकर थंड केलं की प्रश्न सुटला! झऱ्यापासून जवळच्या वाडीत पारू नावाची बाई राहायची. गाडीच्या वेळेला चार घागरी भरून ठेवायचं काम मी तिला लावून दिलं. दोन घागरी डाव्या चाकावर, दोन उजव्या. सहा मिनिटांत गाडी निघेल असा माझा हिशेब होता. इतर काही ड्रायव्हर पाणी मारतच होते. चाचांचं ते उनातून आलेल्या पाहुण्याचं बोलणं मला गोष्टीसारखं वाटलं होतं.

पहिल्याच दिवशी चाचा पारू आणि चाक यांच्यामध्ये उभे राहिले. तिने घागर उचलली की हे पुढे. ती डावीकडे वळली की हे डावीकडे. मालवणात आल्यावर बाबांनी त्यांना बोलावलं.

"पाणी घालू देणार आहात की नाही?"

"नाय, शेटानू."

"मग गाडी शांताराम चालवील. तुम्ही शेडमध्ये बघा. महिनाभर बघू. सहा मिनिटांत काम होत असेल तर मला वीस मिनिटांचा ड्रायव्हर परवडायचा नाही. मग तुम्ही विजयदुर्गाला गेलात तरी चालेल."

 चाचांनी खिशातून गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. माझ्याच टेबलावर.

शेडमध्ये ते काम करत. हवा भरत, तेल घालत, चाकं धूत. तक्रार नाही, टोमणा नाही. पण रोज दुपारी चहाच्या वेळेला व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसत आणि विचारत, "बाय, माझी गाडी?"

"बगू, चाचानू," मी म्हणत असे.

"बग बग," ते म्हणत आणि उठून जात.

आगबोट सोडून आलेल्या त्या माणसाला घर होतं, मुलं मोठी झालेली होती, विजयदुर्गाला नारळाची झाडं होती. उपाशी राहायची वेळ नव्हती. पण गाडी गेल्यावर ते बुटके दिसू लागले. पाय फाकून चालणंही राहिलं नाही. मी ते बघत होते आणि माझ्या वहीत सहा मिनिटं, सात मिनिटं, सहा मिनिटं असे आकडे लिहीत होते. मालवणची वेळ बरोबर साधत होती. लोक परत येऊ लागले होते. आकडे माझ्या बाजूने होते, म्हणून तर त्यांच्या डोळ्याला डोळा देणं जास्त अवघड जात होतं.

एक गोष्ट त्यांनी शेडमध्ये नव्याने सुरू केली. कोल्हापूरची गाडी आली की दर चार-पाच दिवसांनी ते चाक काढत आणि लहान हातोडीने ड्रम ठोकून ऐकत. बाजारात मडकं घेताना बायका बोटाने वाजवून बघतात तसं. कितीतरी वर्षांनी, सर्व्हिस बंद झाल्यावर, मी विजयदुर्गाला त्यांना भेटायला गेले होते. तेव्हा गावातल्या बायका कुंभाराकडून आणलेली मडकी पहिल्यांदा त्यांच्या ओट्यावर आणत. चाचा डोळे मिटून वाजवत आणि सांगत, "ह्या बरा. ह्या बरा. ह्या परत कर." कुंभार त्यांच्यावर फार चिडून होता, असं त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितलं.

शांतारामचे दहा फेरे झाले होते. आंब्याचे दिवस. सकाळी साडेसहाची गाडी. टपावर आंब्याच्या पेट्या चढल्या होत्या, आत माणसं बसली होती, आणि पेट्यांचे मालक असलेले एक बागायतदार कोट घालून खाली उभे होते. मी फळ्यावर वेळ लिहून मागे वळले तर गाडीची मागची दोन्ही चाकं काढलेली! गाडी लाकडी ओंडक्यांवर उभी आणि चाचा खाली बसलेले.

"काय चल्लाहा ह्या?" बागायतदार ओरडले. "आंबे पेटयेतच पिकतले माझे!"

शांताराम हाताची घडी घालून उभा होता. "माका इचारू नका. स्टेरिंग गेला म्हणान कोणाच्या तरी पोटात दुखता."

बाबा घरातून आले. "हा काय प्रकार आहे? चाकं बसवा."

"डावो ड्रम फुटलो आसा, शेटानू."

बाबा वाकले. ड्रमभोवती हात फिरवला. "कुठे फुटला आहे? मला काही दिसत नाही."

"दिसूचो नाय. आयकाक येता."

गाडीतले लोक हसले. बाबांचा चेहरा लाल झाला. "चाचा, पाच मिनिटांत चाकं बसवा. नाहीतर उद्यापासून शेडमध्येसुद्धा येऊ नका. मी हे गाडीभर लोकांसमोर सांगतो आहे."

चाचा उठले. बाबांकडे गेले नाहीत. माझ्यापाशी आले आणि हातोडी माझ्यापुढे धरली.

"बाय, तू वेळ लिवतंस. माझ्या बाजून लिवूक नाय, शांतारामाच्या बाजून लिवूक नाय. जसा आसा तसा लिवतंस. आता तू ठोक आणि सांग."

मी साडीचा पदर खोचला आणि गाडीच्या मागे गेले. आधी उजवा ड्रम ठोकला. तो टण्ण वाजला आणि बराच वेळ घुमत राहिला. मग डावा. थप्. पुन्हा ठोकला. थप्. पाण्याने भरलेल्या पिंपावर मारावं तसं.

"बाबा, येगळो वाजता," मी म्हटलं.

"आतल्या पट्ट्या चिकटल्या असतील. त्याने आवाज बसतो," बाबा म्हणाले. बाबांनाही गाडी कळत होती.

चाचांनी एका बोटाने डावा ड्रम ढकलला. तो गरगर फिरला. कुठे चिकटला नव्हता. बाबांना तरीही पटलं नव्हतं. पटणार तरी कसं? दिसत काहीच नव्हतं.

"तुझो खडू दी," चाचा मला म्हणाले. "आणि कंदिलाचा रॉकेल."

मी दोन्ही आणून दिलं. चाचांनी रॉकेलमध्ये बोळा भिजवून डाव्या ड्रमाला बाहेरून चोळला. थोडं थांबले. मग खांद्यावरच्या फडक्याने ड्रम कोरडा खटखटीत पुसला. माझा खडू दगडाने कुटला आणि ती पूड फडक्याने ड्रमावर थापली. ड्रम पांढराधोप झाला.

"आता?" बागायतदारांनी विचारलं.

"आता बसा," चाचा म्हणाले.

ते स्वतः उकिडवे बसले. माणसं गाडीतून उतरून मागे जमली.  मी घड्याळ बघितलं, सवय. चार मिनिटं झाली आणि पांढऱ्या पुडीत, ड्रमाच्या कडेपाशी, काहीतरी काळसर उमटलं. केसाएवढं बारीक. ते हळूहळू आत सरकत गेलं, ओल्या काडीने रेघ ओढत जावं तसं, आणि दीड बोटं लांब झालं. त्याच्या बाजूला दुसरी रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन स्वतःच दाखवत होतं की मी इथे आहे.

बागायतदार कोटासकट खाली वाकले. "ह्या काय ता?"

"ह्या पाणी," चाचा म्हणाले.

मला वाटलं की आता ते माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं नाही. खडूने माखलेलं फडकं झटकत राहिले. मग मलाच बोलावं लागलं.

"बाबा, पाणी घालूक मी सांगलेला. चाचा नको म्हणा होते. वयेत लिवलेला आसा."

बाबा त्या रेघेकडे बघत होते. आज घाट चढताना काही झालं नसतं. उद्या दुपारी, कोल्हापूरचा माल आणि माणसं घेऊन उतरताना, वळणावर ब्रेकाला हाक मारली असती तेव्हा. त्यांनी ते मनात उतरून बघितलं असावं, कारण कपाळावरचा घाम त्यांनी दोनदा पुसला.

"गाडी आज जाऊची नाय," ते लोकांना म्हणाले. मालवणीत.

बागायतदारांनी थोडा आरडाओरडा केला, पण आवाजात जोर नव्हता. त्यांच्या पेट्या दुसऱ्या सर्व्हिसच्या गाडीवर न्यायचं ठरलं. शांताराम जागचा हलला नव्हता. तो ड्रमाशी बसला आणि बोटाने ती रेघ हळूच पुसू लागला. पुसली की ती पुन्हा ओली व्हायची.

"चाचानू, मी उद्या ह्याच गाडयेन..."

"उद्या उतरूचंस नाय ना? मगे झाला. पेटये उतर आता, उठ. आंब्यांक ऊन लागता."

शांताराम उठला आणि टपावर चढला. पोटात दुखण्याचं बोललेला तो माणूस त्या दिवशी एकटा सगळ्या पेट्या उतरवून देत होता, कोणाला हात लावू देत नव्हता.

मी व्हरांड्यात आले. खडूचा एक तुकडा उरला होता. फळा पुसला आणि कोल्हापूरच्या गाडीची वेळ नव्याने लिहायला घेतली. मालवणला येण्याची वेळ चार वाजून वीस होती, ती पाच मिनिटं हाताशी ठेवून पावणेपाच केली. खाली लिहिलं, 'फोंडाघाटात चाकं निवण्यासाठी थांबा, वीस मिनिटं. उतारूंनी खाली उतरून पाय मोकळे करावेत.' दुसऱ्या सर्व्हिसच्या वेळेपुढे ही वेळ वाईट दिसणार हे मला कळत होतं. पण ती खरी वेळ होती. फळ्यावर खरी वेळ लिहिली की उशीर हा उशीर राहत नाही, आणि उशीर नसेल तर तक्रार कशाची? हे मला इतक्या उशिरा सुचलं याची लाज वाटत होती, आणि सुचलं याचा आनंदही होत होता.

मागे बाबा येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. चाचा पायरीपाशी आले. त्यांना उर्दू वाचता येई, फळ्यावरचं येत नसे.

"काय लिवलंस?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. ते मान कलती करून ऐकत होते.

"वीस?"

"होय, चाचानू. वीस."

"आंब्याच्या दिसांत पंचवीस होतत."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्या हातातला खडू घेतला आणि वीसवर काट मारून पंचवीस लिहिलं. त्यांचं अक्षर माझ्याएवढं चांगलं नव्हतं. एक आकडा मोठा, एक लहान, पण ठळक. मग शांतारामने टेबलावर आणून ठेवलेली किल्ली त्यांनी उचलली.

"चाचानू, गाडी तुमची. ड्रम कोल्हापुरासून येवंदे, तीन-चार दिस जातले. तवसर रजा घेवा, घराक जावन येवा."

"खयची रजा?" चाचा म्हणाले. "नवो ड्रम इलो म्हणान तो बरोच आसतलो? आदी ठोकून बगूक होयो. मी ठोकल्याबिगर ती गाडी हलूची नाय, आताच सांगतंय."

असं म्हणता म्हणता त्यांनी किल्ली बाबांच्या हातातून घेतली होती. फडक्याने ती पुसली, उजेडाकडे धरून बघितली, खिशात टाकली आणि पाय फाकून शेडकडे चालू लागले.